अख्ख्या बीडला ‘आय-सेव्हन’ झालाय!

कानावर आलंय ते खरं असेल तर प्रकरण गंभीर आहे. गेवराईपासून परळीपर्यंत आणि आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत सोयरीक जमवायला बसलेली माणसं आता शेती किती, त्यातली बागायत किती, एवढ्यावर थांबत नाहीत म्हणे. चहाचा दुसरा कप येईस्तोवर कुणीतरी घसा खाकरतं आणि विचारतं, “आन् पाव्हण्याकडं लॅपटॉप कंचा हाय?” त्यावर मुलाचा मामा, ज्यानं जन्मात माऊस धरलेला नाही, मांडीवर थाप मारून सांगतो, “आय-सेव्हन हाय, आय-सेव्हन!” बैठक गप्प. मुलीकडच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात. पुढं काही विचारायची कुणाची छाती होत नाही, कारण पुढं काय विचारायचं असतं तेच कुणाला ठाऊक नसतं.

रोग जुना, साथ नवी. टाळेबंदीत शाळा घरात शिरली, एका मोबाईलवर तीन-तीन लेकरं शिकली, तेव्हाच घराघरांत ठरलं की आपल्याकडं एक लॅपटॉप पाहिजे. मग २०२३ च्या खरिपात पीक विमा एका रुपयात आला, अर्जामागं सेवा केंद्राच्या चालकाला ४० रुपये मिळू लागले. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. ज्या गावात धड झेरॉक्स मशीन नव्हतं, तिथं पत्र्याच्या शेडखाली एक टेबल, एक अंगठ्याचं यंत्र आणि एक लॅपटॉप मांडून पोरं बसली. इंजिनिअरिंगला लागलेलं पोरगं लॅपटॉपशिवाय कॉलेजात गेलं तर बापाची मान खाली जाते, आणि एमपीएससीवाल्या पोराला तर अभ्यासिकेत वहीपेक्षा आधी चार्जिंगचा बोर्ड जवळ असलेली खुर्ची लागते. पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ २०२० मध्ये इथं निघाला आणि दोन वर्षांत राज्यभर गेला. लॅपटॉप घेण्याचाही एक बीड पॅटर्न आता तयार झालाय. यानं मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडली नाही तर बरं.

हा पॅटर्न काय म्हणाल, तर खिशात वीस हजार घालून निघायचं आणि ‘आय-सेव्हन द्या’ म्हणायचं. बस्स. दसऱ्याच्या आधी किंवा शेतमालाचे पैसे हातात आले की सुभाष रोडवर बाप, लेक आणि ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ एक चुलतभाऊ अशी तिघांची टोळी फिरताना दिसली, की समजावं, आज एक आय-सेव्हन घरी जाणार. नव्या लॅपटॉपच्या काउंटरवर ही टोळी फार वेळ उभी राहत नाही. तिथं वीस-पंचवीस हजारांत जे मिळतं ते दिसायला देखणं, चंदेरी, पातळ असतं. आत मात्र सेलेरॉन प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. चुलतभाऊ नाक मुरडतो. “सेलेरॉन? ह्यॅ! त्यापेक्षा सेकंडमध्ये आय-सेव्हन भेटतो.”

आता गंमत बघा, चुलतभाऊ अर्धा बरोबर असतो. ‘सेलेरॉन एन ४०२०’ हा २०१९ चा, दोन कोअरचा प्रोसेसर. त्याला ४ जीबी रॅम आणि साठवायला ६४ जीबी ईएमएमसी जोडून दिली की विंडोज ११ सुरू होतं आणि तिथंच दमतं. क्रोममध्ये सरकारी पोर्टलचे तीन टॅब उघडले की चौथ्याला उसासे टाकतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा असा नियम केलाय, म्हणून कागदोपत्री हे यंत्र पास होतं. पस्तीस मार्कांनी पास. स्वतः इंटेलनंच २०२३ पासून लॅपटॉपवरून सेलेरॉन आणि पेंटियम ही दोन्ही नावं काढून टाकली, आणि तरी दुकानाच्या मांडणीवर ती अजून जुन्या सरपंचाच्या पाटीगत टिकून आहेत.

पण उरलेल्या अर्ध्यात चुलतभाऊ जो घोळ घालतो, त्याला तोड नाही.

नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला आपला माणूस आधी काय करतो? जबडा उघडतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, का जुळलाय, ते बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. शिंगं रंगवलेली असोत, गळ्यात घुंगरमाळ असो, मालक शपथा घेवो, दात म्हणजे दात. हाच माणूस वीस हजारांचा लॅपटॉप घेताना मात्र कीबोर्डशेजारचं निळं स्टिकर बघतो आणि पैसे मोजतो! अहो, स्टिकर म्हणजे घुंगरमाळ. दात पुढं असतात. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट, असं उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. आय-सेव्हनच्या पुढं आडवी रेघ आणि त्यापुढं जो आकडा, तिथं वय लिहिलेलं असतं. ‘आय-सेव्हन ५६००यू’ म्हणजे पाचवी पिढी, २०१५ चं जनावर. ‘आय-फाईव्ह ८३५०यू’ म्हणजे आठवी. ‘आय-थ्री १२१५यू’ म्हणजे बारावी, २०२२ ची.

आणि आता खरा स्फोट. बारशाला आलेल्या बायकांनी कान इकडं करावेत. तो २०१५ चा ‘आय-सेव्हन ५६००यू’ दोन कोअरचा आहे. दोन! आणि ज्याला सगळं गाव ‘साधा’ म्हणतं, ‘आय-थ्रीच घेतला बिचाऱ्यानं’ म्हणून हळहळतं, तो बारावीतला आय-थ्री सहा कोअरचा आहे. म्हणजे बैठकीत मांडीवर थाप मारणाऱ्या मामाच्या भाच्याचं यंत्र शेजारच्या गल्लीतल्या गरीब आय-थ्रीपुढं मान टाकतं. ही बातमी सोयरीक मोडायला पुरेशी आहे, म्हणून जपून वापरा.

एएमडीवाल्यांनी तर याहून मोठा तमाशा करून ठेवलाय. ‘रायझन ५ ७५२०यू’ नाव वाचून वाटतं, सात हजारी, म्हणजे अगदी ताजं. पण त्यांच्या त्या सात हजारी मालिकेत पहिला आकडा बाजारात आणल्याचं वर्ष सांगतो आणि आतला गाभा कोणत्या काळचा ते तिसरा आकडा सांगतो. तिसरा आकडा दोन, म्हणजे आत झेन २, जो २०१९ साली आला. कपडे नवे, माणूस जुना. वाईट नाही हं, रोजच्या कामाला तो चालतो. पण बारशाचं वर्ष आणि जन्माचं वर्ष वेगळं असतं, एवढं ठाऊक असावं. इंटेलनं तर २०२३ संपताना लॅपटॉपच्या नव्या प्रोसेसरांच्या नावातलं ‘आय’ हे अक्षरच काढायला घेतलं. आता ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा’ वगैरे. म्हणजे एकदम नवा लॅपटॉप घेऊन आलेल्या पोराला आत्या विचारणार, “कामून रे, ह्याच्यात आय न्हाई?” आणि त्याच्याकडं उत्तर नसणार.

पिढीचा हा हट्ट उगीच नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तेही नाव नोंदवणाऱ्याला. आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. त्यामुळं झालंय असं, की सातव्या पिढीपर्यंतची सगळी यंत्रं मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी एकदम काढायला घेतली आणि तो लोंढा आपल्याकडं वळला. स्वस्ताई का आली, हे आता कळलं असेल. काही दुकानांत त्यावर वाकड्या वाटेनं विंडोज ११ चढवूनही देतात. चढतं, चालतंही. मायक्रोसॉफ्ट मात्र साफ सांगतं, की अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही. केंद्रचालकाच्या लॅपटॉपवर गावातल्या निम्म्या आधार कार्डांच्या झेरॉक्स पडलेल्या असतात. त्याला हे परवडायचं नाही.

या जुन्या यंत्रांचं माहेर म्हणजे हिंजवडी, खराडी, हैदराबाद, बंगळूर. तिथल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉपचे गठ्ठेच्या गठ्ठे काढतात. तिथून ते दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात अजून लॅमिंग्टनच) असे फिरत, पुसून-झटकून, आपल्यापर्यंत येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावं आता केजच्या चहाच्या टपरीवर अशी सहज घेतली जातात, की ऐकणाऱ्याला वाटावं उसाच्याच नव्या जाती आल्या. आणि माझं विचाराल तर या तिघी खानदानी आहेत. कंपन्यांसाठी बनवलेल्या या मालिकांचे बिजागर मजबूत, कीबोर्ड टिकाऊ, सुटे भाग सहज मिळणारे, मागचं झाकण चार-सहा स्क्रू काढले की उघडणारं. बऱ्याच यंत्रांत विंडोजचा अस्सल परवाना मदरबोर्डातच नोंदलेला असतो, त्यामुळं स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ म्हणून वर्षभर लोंबकळणारी ती लाजिरवाणी पाटी येत नाही. तेव्हा जुनं घेण्यात काही पाप नाही. डोळे मिटून घेण्यात आहे.

कारण खानदानी घरातही भानगडी असतात. एका गावात, नाव सांगत नाही, नाहीतर पोरगं तोंड दाखवायचं नाही, नवा आणलेला जुना लॅपटॉप पोरानं घरी येऊन रिसेट केला. वायफायला जोडला, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत एका बड्या कंपनीकडून स्वागत! खाली, कंपनीचा ई-मेल आणि पासवर्ड टाका. पोरानं ओरडून आईला सांगितलं, “आई, कंपनीनं वेलकम केलंय!” आईनं ऐकलं तेवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत चार घरी साखर वाटून झाली होती. भानगड एवढीच, की जुन्या मालकानं लॅपटॉप विकला, पण आपल्या नोंदवहीतून काढला नाही. म्हणून पुसून इंटरनेटला जोडला की तो बिचारा पुन्हा कामावर हजर व्हायला बघतो. पोराला नोकरी लागली नाही, लॅपटॉपची मात्र सुटली नव्हती. दुसरी त्याच जातीची भानगड म्हणजे बायोसला लावलेला पासवर्ड. तो विकणाऱ्यालाही माहीत नसतो आणि त्यापायी मदरबोर्डच बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून लाज सोडा. दुकानातच बसा, चहा मागवा आणि म्हणा, “माझ्यासमोर रिसेट करा आन् इंटरनेटला लावून सुरू करून दाखवा.” तासभर जाईल. जाऊ द्या. बैल घेताना जात नाही का?

बॅटरीचं तर विचारूच नका. “बॅकअप किती?” या प्रश्नाला बाजारात एकच ठरलेलं उत्तर आहे, “तीन तास.” पावसाळा असो, उन्हाळा असो, यंत्र २०१६ चं असो की कालचं, तीन तास. ज्याला खरं हवंय त्यानं कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ एवढं टाईप करावं. एक पान तयार होतं. त्यात कारखान्यातली क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी छापून येते. आजचा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून वजा करायला सांगा. आणि ट्रॅकपॅड मध्येच फुगून वर आलेला दिसला तर, “बोटाला कसा मऊ लागतो नै!” म्हणून कौतुक करत बसू नका. खाली बॅटरी फुगलेली आहे. तशीच्या तशी ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.

आता या साथीतला सगळ्यात चवदार किस्सा. उन्हाळ्यात, विशेषतः मार्च उलटला की, जिल्ह्यात जागोजाग एकच तक्रार ऐकू येते: लॅपटॉप झिणझिण्या देतो. चार्जिंगला लावला आणि मनगट धातूच्या कडेला टेकलं की मुंग्या. आजी म्हणते, वापरलेली वस्तू आहे, आधीच्या माणसाचा जीव अडकला असंल. मावशी म्हणते, भावकीतल्या कुणीतरी केलंय. आय-सेव्हन आलेला बघवला नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या बिजागराला लिंबू-मिरची.

खरा प्रकार असा. ॲडॉप्टरच्या आत विजेचा गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांतून अगदी किरकोळ करंट गळतो आणि तो तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जावा अशी योजना असते. आपल्याकडं ती तिसरी पिन एक तर पक्कडीनं मोडून टाकलेली असते, कारण बोर्डात दोनच भोकं. नाहीतर भोकं तीन असतात पण मागं अर्थिंगची वायरच नसते. नाहीतर वायर असते, खड्डाही असतो, पण तो खड्डा घर बांधलं तेव्हा केला आणि नंतर कुणी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. उन्हाळ्यात माती कोरडीठाक पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग गळालेला करंट जाणार कुठं? धातूच्या अंगावर येऊन बसतो आणि तुमच्या मनगटाची वाट बघतो. ॲडॉप्टर धडका असेल तर या मुंग्यांनी जीव जात नाही; पण सणसणीत झटका बसला तर मात्र लगेच प्लग काढा आणि ॲडॉप्टर बदला. एरवी वायरमनला बोलावून खड्ड्यात मीठ-कोळसा भरून दोन बादल्या पाणी ओता, बोर्डाला तीन भोकांचं सॉकेट बसवा, मुंग्या बंद. एका वाड्यात हे सगळं रीतसर झालं, मुंग्या थांबल्या, आणि श्रेय लिंबू-मिरचीला गेलं. वायरमन अजून त्या घरी चहा घेत नाही.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांची जात वेगळी. “एमपीएससीच्या अभ्यासाला पाहिजे,” म्हणून हप्त्यावर सत्तर-ऐंशी हजारांचा घ्यायचा, ज्याच्या कीबोर्डाखाली गणपतीच्या आरासीइतके रंग पेटतात. चालू घडामोडींची पीडीएफ उघडायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ही माहिती आयोगाला अजून कळलेली दिसत नाही. साध्या लॅपटॉपचा ॲडॉप्टर ४५ नाहीतर ६५ वॅटचा, यांचा दीडशे-दोनशेच्या वर. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर आधी कण्हतो, मग आजीचा पंखा बंद पडतो, मग आजी कण्हते. या पोरांशी बोलण्यात अर्थ नाही. त्यांना हप्ते बोलतील.

आणि सीताफळाच्या जिल्ह्यात (बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, विसरू नका) आता अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाचंही कौतुक सुरू झालंय. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एम-वन चा मॅकबुक एअर सेलमध्ये आणि सेकंडमध्ये उतरत उतरत आपल्या आवाक्याजवळ आला, तशी कॉलेजच्या कट्ट्यावर चार पाठमोरी सफरचंदं चमकायला लागली. यंत्र झकास आहे, यात वाद नाही. आत पंखाच नाही, त्यामुळं आपल्या काळ्या मातीची धूळ ओढून घेण्याचा प्रश्नच मिटला. बॅटरी दिवस काढते. पण केंद्रचालकानं त्याच्या मोहात पडू नये. अंगठ्याची यंत्रं, डिजिटल सहीचे डोंगल, सरकारी पोर्टलांचे हट्ट, सगळा बाजार विंडोजभोवती बसलेला आहे. शिवाय रॅम जन्मात वाढवता येत नाही. विंडोजला दुसरा पर्याय लिनक्सचा. ते फुकट आहे, हलकं आहे, जुन्या सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रात लिनक्स मिंट घातलं की ते पुन्हा पळायला लागतं. निबंध लिहायला, व्हिडिओ बघायला, प्रोग्रामिंग शिकायला उत्तम. अंगठा घ्यायला मात्र तिथंही तीच रड.

रॅमवरून आठवलं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढलेत, त्याची हकिगत ऐकून माणसं थक्क होतात. तिकडं एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची अशी भूक लागली, की चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं लक्ष तिकडं वळवलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे सातासमुद्रापार यंत्राला अक्कल शिकवतात आणि माजलगावात ४ चे ८ जीबी करायला निघालेल्या पोराचा खिसा कापला जातो. त्यामुळं “आत्ता ४ घेऊ, पुढं वाढवू,” हे जुनं शहाणपण आता महागात पडतं. घेतानाच ८ घ्या. आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे का सुटी, मोकळा स्लॉट आहे का, हे विचारून घ्या. पातळ नव्या लॅपटॉपांत ती बहुधा चिकटवलेलीच असते.

नव्याच्या बाबतीतही सरकारनं एकदा अशी धांदल उडवली होती, की दुकानदार अजून तिचा मळवट कपाळी लावून फिरतात. ३ ऑगस्ट २०२३ ला आदेश निघाला, लॅपटॉप आयातीला परवाना लागणार. दुसऱ्याच दिवशी, ४ ऑगस्टला, तो ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढं ढकलला. नंतर परवान्याऐवजी नोंदणीची नवी पद्धत आली आणि गाडी रुळावर आली. पण “उद्यापासून भाव वाढणार हैत,” हे वाक्य तेव्हापासून जे बाजारात रुळलं ते रुळलं. त्याच आठवड्यात १६,४९९ रुपयांचं जिओबुकही विक्रीला आलं होतं, सिम टाकायची सोय असलेलं, किलोभराच्या आतलं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि विंडोज नाही. ज्यांनी लेकराला धडे बघायला घेतलं त्यांचं भागलं. ज्यांनी ‘लॅपटॉप’ म्हणून घेतलं, त्यांच्याकडं तो विषय काढू नये.

हार्ड डिस्कवाल्याला तर हल्ली कुणी दारात उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. फिरणारी तबकडी गेली, एसएसडी आली. आठवी पिढी, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी, एवढ्या सामग्रीचं यंत्र विंडोज ११ सुखानं चालवतं, आणि नव्या कोऱ्या सेलेरॉनला गल्लीच्या टोकापर्यंत मागं टाकतं.

मग नवा कुणी घ्यावा? ज्याला तीस-चाळीस हजार सोडणं जमतं आणि ज्याच्या मागं दुरुस्तीला धावणारं कुणी नाही, त्यानं खुशाल नवा आय-थ्री, बारावी पिढी किंवा पुढचा, नाहीतर त्या तोडीचा रायझन घ्यावा, आणि गाव काही म्हणो, आय-सेव्हन नाही म्हणून रडू नये. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारावा, जो अजून एकाही बैठकीत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही: वॉरंटीत इंजिनिअर घरी येतो, का लॅपटॉप घेऊन आपण जायचं? ‘ऑनसाईट’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत पिनकोडाची अट. बीड शहर त्यात बसतं आणि वडवणी-शिरूर कासार बसत नाही, असंही होऊ शकतं. मग लॅपटॉप पोत्यात गुंडाळून छत्रपती संभाजीनगरची एसटी धरा, सव्वाशेच्या वर किलोमीटर. अहो, बीडला अहिल्यानगरहून रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. इंजिनिअर लगेच येईल या भ्रमात राहू नका. जुन्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटतो. खानदानी तिघींचे भाग गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडंही मिळतात, आणि तो आपल्या ओळखीचा असतो. वर्षातून एकदा त्याच्याकडून पंख्यातली माती काढून नवी थर्मल पेस्ट लावून घ्यावी. आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरू नये; खालची हवेची भोकं बुजतात. मेमध्ये बीडला माणूस गोधडीवर बसत नाही, यंत्रानं का बसावं?

एवढं सगळं सांगूनही परवा एका बैठकीत, ऐकीव आहे, मुलीच्या आत्यानं थेट विचारलं म्हणे, “आय-सेव्हन ते ठीक, पुढचा आकडा काय?” मुलाचा मामा पाणी प्यायला जो उठला तो परत आलाच नाही. ही आत्या कोण, कुठल्या तालुक्याची, याचा सध्या कसून शोध चालू आहे. काहींचं म्हणणं धारूरची, काहींचं पाटोद्याची. सापडली तर तिला पुढच्या प्रत्येक लॅपटॉप खरेदीत चुलतभावाच्या जागी न्यावं, अशी आमची जाहीर सूचना आहे.

ती सापडेपर्यंत एवढं करा. दुकानातून निघताना जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर लॅपटॉपच्या खाली छापलेला सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि किती महिन्यांची हमी ते शब्दांत लिहायला लावा. वहीच्या पानावरची सही म्हणजे बिल नव्हे. चोरीचा माल निघाला तर पोलिसांसमोर त्या पानाचा उपयोग शून्य. “बिल कशाला, आपला माणूस हाय,” असं जो म्हणेल, त्याच्याकडून आय-नाईन फुकट मिळाला तरी घेऊ नका.